नवा सर्व्हर, जुना पत्ता: एका स्थलांतराचे प्रकरण

शनिवारी रात्री १० वाजता एका संस्थेची वेबसाइट जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली गेली. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, पत्ता बदलला, काम करणाऱ्याने ब्राउझर उघडला, नवी साइट दिसली आणि काम झाल्याचे कळवले गेले. रविवारी सकाळी काही लोकांना नवी साइट दिसत होती, काहींना जुनी. सोमवारी रात्रीही काहींना जुनीच दिसत होती. तिथे भरलेले अर्ज जुन्या डेटाबेसमध्ये जमा होत होते आणि ते कोणी पाहत नव्हते. त्यातच संस्थेची ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागली.

अशा स्थलांतरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. डोमेन म्हणून एक्झाम्पल डॉट ऑर्ग घेतले आहे आणि आयपी पत्ते लेखनासाठीच राखून ठेवलेल्या गटांतले आहेत, म्हणजे ते कुठल्याही खऱ्या यंत्राकडे नेत नाहीत.

वरून पाहता हा एकच बिघाड वाटतो. प्रत्यक्षात ते वेगवेगळे बिघाड होते आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच समज होता: डोमेन नाव म्हणजे सर्व्हर, आणि नावापुढचा आकडा बदलला की सगळे जग नव्या सर्व्हरकडे जाते. नाव यंत्राला चिकटलेले नसते. एका नावाखाली वेगवेगळ्या प्रकारची अनेक रेकॉर्ड असतात आणि मिळणारे उत्तर कोणते रेकॉर्ड मागितले, कोणाकडे मागितले आणि केव्हा मागितले यावर ठरते.

स्थलांतराआधीची स्थिती

जुन्या सर्व्हरचे दोन पत्ते होते: आयपीव्ही४ मधला २०३.०.११३.१० आणि आयपीव्ही६ मधला २००१:डीबी८:१०::१०. नव्या सर्व्हरचे पत्ते १९८.५१.१००.२५ आणि २००१:डीबी८:२०::२५. डोमेनच्या झोनमध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या रेकॉर्डच्या यादीत, ही रेकॉर्ड होती:

मुख्य नाव, ए रेकॉर्ड: २०३.०.११३.१०
मुख्य नाव, क्वाड-ए रेकॉर्ड: २००१:डीबी८:१०::१०
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, सीनेम: मुख्य नावाकडे
मेल, ए रेकॉर्ड: २०३.०.११३.१०
टेस्ट, ए रेकॉर्ड: २०३.०.११३.१०
मुख्य नाव, एमएक्स: प्राधान्य १०, 'मेल' या उपनावाकडे
मुख्य नाव, टीएक्सटी: एसपीएफ, त्यात आयपी४:२०३.०.११३.१०

सगळ्यांचा टीटीएल, म्हणजे मिळालेले उत्तर किती वेळ जपून ठेवायचे ती मुदत, ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण २४ तास.

ए रेकॉर्ड नावाला आयपीव्ही४ पत्ता देते आणि क्वाड-ए आयपीव्ही६ पत्ता. सीनेम एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवते, एमएक्स ईमेल कुठे द्यायची ते सांगते आणि एसपीएफ डोमेनची ईमेल कोणत्या पत्त्यांवरून निघू शकते ते जाहीर करते. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा. त्यातून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात आणि मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोकळे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे तिथे टंचाईचा प्रश्न नाही. आज बऱ्याच सर्व्हरना दोन्ही पत्ते असतात आणि इंटरनेटच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक वाट वळवली म्हणून दुसरी आपोआप वळत नाही.

शनिवारी रात्री दोनच रेकॉर्ड बदलली गेली: मुख्य नावाचे ए आणि 'मेल'चे ए.

शनिवारची तपासणी का फसली

नवा सर्व्हर तपासण्यासाठी दोन आठवडे आधी काम करणाऱ्याच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावे आणि पत्ते यांच्या स्थानिक यादीत, एक ओळ टाकलेली होती: १९८.५१.१००.२५ आणि त्यापुढे डोमेनचे नाव. ही फाइल लिनक्स आणि मॅकवर ईटीसी फोल्डरात असते, विंडोजवर सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरातल्या ईटीसीमध्ये. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावे अशाच एका सामाईक फाइलमध्ये असत. ती एका ठिकाणी सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती पद्धत पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. फाइल मात्र प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टमने आजवर सांभाळली आहे आणि सहसा डीएनएसच्या आधी तिलाच विचारले जाते.

म्हणजे शनिवारी रात्री दिसलेली नवी साइट डीएनएसमुळे दिसलेलीच नव्हती. डीएनएसमध्ये काहीही न बदलता ती तशीच दिसली असती.

हे पकडण्याची सोपी खूण आहे. 'पिंग' ऑपरेटिंग सिस्टममार्फत नाव शोधते, त्यामुळे होस्ट्स फाइल मानते. 'डिग' आणि 'एनएसलुकअप' थेट डीएनएसला विचारतात, फाइलकडे बघतही नाहीत. दोघांनी वेगळे पत्ते दिले तर आधी होस्ट्स फाइल उघडायची. इथे पिंग १९८.५१.१००.२५ दाखवत होते आणि संस्थेच्या रिझॉल्व्हरला (लोकांच्या वतीने डीएनएसमध्ये उत्तर शोधणाऱ्या सर्व्हरला) विचारणारे डिग २०३.०.११३.१०.

चाचणीसाठी होस्ट्स फाइल वापरू नये असे नाही, पण ती ओळ काढायची राहते. कमांडने वेब पाने मागवणाऱ्या 'कर्ल'चा 'रिझॉल्व्ह' पर्याय जास्त बरा: नाव, पोर्ट ४४३ आणि नवा पत्ता त्या एका कमांडपुरता जोडला जातो आणि मागे काही उरत नाही.

तपासणीचा आणखी एक प्रकार त्याच रात्री झाला. कोणीतरी ब्राउझरमध्ये थेट १९८.५१.१००.२५ टाकले. प्रमाणपत्राचा इशारा आला, तो ओलांडल्यावर वेब सर्व्हरचे कोरे स्वागतपान दिसले आणि नवा सर्व्हर बिघडल्याचा निरोप फिरला. बिघाड काहीच नव्हता. एका आयपी पत्त्यावर शेकडो साइट राहू शकतात. त्यातली कोणती हवी हे ब्राउझर दोनदा सांगतो, आधी टीएलएस, म्हणजे सुरक्षित, जोडणी करताना आणि मग एचटीटीपी विनंतीच्या होस्ट ओळीत. नावच दिले नाही तर सर्व्हर पहिली किंवा ठरवून दिलेली साइट पुढे करतो. पत्ता टाकून साइट तपासता येत नाही, नाव लागतेच.

रविवार: ज्यांना जुने दिसले

ब्राउझरला नाव मिळाले की तो आधी स्वतःची आणि ऑपरेटिंग सिस्टमची कॅश, म्हणजे जपून ठेवलेली आधीची उत्तरे, पाहतो. तिथे नसेल तर प्रश्न रिझॉल्व्हरकडे जातो. हा रिझॉल्व्हर इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा असतो किंवा ८.८.८.८, १.१.१.१ यांसारखा सार्वजनिक. रिझॉल्व्हरकडेही उत्तर नसेल तर तो रूट सर्व्हरला विचारतो, तिथून डॉट ऑर्गच्या सर्व्हरकडे, आणि शेवटी डोमेनची मूळ रेकॉर्ड ठेवणाऱ्या अधिकृत नेमसर्व्हरकडे पोचतो. मिळालेले उत्तर तो टीटीएल संपेपर्यंत जपून ठेवतो आणि तोवर कोणालाही परत विचारत नाही.

रविवारी सकाळी ८ वाजता एका रिझॉल्व्हरला डिगने विचारले. उत्तर आले २०३.०.११३.१० आणि त्याच ओळीत टीटीएलच्या जागी ४१,२१३. सगळी गोष्ट या आकड्यात आहे. अधिकृत नेमसर्व्हर नेहमी पूर्ण टीटीएल सांगतो, रिझॉल्व्हर मात्र उरलेला. ८६,४०० मधून ४१,२१३ वजा केले की ४५,१८७ सेकंद राहतात, म्हणजे १२ तास ३३ मिनिटे. तेव्हा या रिझॉल्व्हरने उत्तर घेतले शनिवारी संध्याकाळी ७ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास, बदलाच्या अडीच तास आधी. आणि तो ते सोडणार रविवारी संध्याकाळी साधारण ७ वाजून २७ मिनिटांनी. त्याच वेळी दुसऱ्या रिझॉल्व्हरने नवा पत्ता दिला, कारण त्याला हे नाव शनिवारी रात्री १० नंतर पहिल्यांदा विचारले गेले होते.

डीएनएसमधला बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात असे सर्रास सांगितले जाते. पसरत काहीच नाही. अधिकृत नेमसर्व्हरवर बदल झाला की तो तिथे लगेच लागू होतो. बाकीचे फक्त आपापली जुनी प्रत शिळी होण्याची वाट पाहतात आणि किती वाट पाहायची हे डोमेनच्या मालकानेच टीटीएलमध्ये लिहून दिलेले असते. ४८ तासांचा आकडा डॉट कॉमच्या स्तरावरच्या, डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगणाऱ्या एनएस रेकॉर्डच्या टीटीएलशी जुळतो, तो १,७२,८०० सेकंद आहे. पण त्याचा संबंध नेमसर्व्हर बदलण्याशी, ए रेकॉर्डशी नाही. 'दोन दिवस थांबा' हा सल्ला घातक ठरतो तो इथे. थांबायला सांगितले की कोणी तपासत नाही, आणि खरी चूक त्या दोन दिवसांत झाकली जाते. या प्रकरणात तसेच झाले.

आपल्या संगणकाची कॅश रिकामी करता येते: विंडोजवर आयपीकॉन्फिगच्या फ्लशडीएनएस पर्यायाने, बहुतेक आधुनिक लिनक्सवर रिझॉल्व्हसीटीएलने. दुसऱ्यांच्या रिझॉल्व्हरवर आपला हात चालत नाही. टीटीएल चुकून मोठा राहिला तर जुना सर्व्हर चालू ठेवणे एवढेच हाती उरते.

सोमवार: चोवीस तासांनंतरही जुनेच

रविवारी रात्री १० नंतर २०३.०.११३.१० हे उत्तर कुठल्याही नियम पाळणाऱ्या रिझॉल्व्हरकडे उरायला नको होते, आणि उरलेही नाही. तरी सोमवारी तक्रारी चालूच. त्यात एक धागा होता: जुनी साइट मोबाइल डेटावर दिसे, पण तोच फोन कार्यालयाच्या वाय-फायवर आला की नवी.

उत्तर जुन्या सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये पडून होते. रविवारी दुपारच्या ओळींत दोन्ही तऱ्हांचे पत्ते होते. सोमवारच्या ओळींत तीन ठिपक्यांनी जोडलेला पत्ता जवळपास दिसेना. होते ते सगळे कोलनने तोडलेले लांब आयपीव्ही६ पत्ते. डिगला क्वाड-ए मागितल्यावर उत्तर आले २००१:डीबी८:१०::१०, तेही अधिकृत नेमसर्व्हरकडून आणि पूर्ण ८६,४०० टीटीएलसह. ही शिळी प्रत नव्हती. हेच त्या घडीचे अधिकृत उत्तर होते.

दोन्ही वाटा उपलब्ध असल्या की ब्राउझर आयपीव्ही६ ला झुकते माप देतो. २०१७ च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजाप्रमाणे तो दोन्ही रेकॉर्ड मागतो, आधी आयपीव्ही६ वर जोडणी सुरू करतो आणि थोड्या वेळात जमले नाही तर आयपीव्ही४ वरही प्रयत्न करतो. हा वेळ २५० मिलिसेकंद सुचवलेला आहे. कार्यालयाच्या वाय-फायला आयपीव्ही६ नव्हते, म्हणून तिथे फक्त ए रेकॉर्ड वापरले जाई आणि नवी साइट दिसे. मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ होते, जुना सर्व्हर तिथे धडधाकट उत्तर देत होता, मग आयपीव्ही४ पर्यंत जायची वेळच येत नव्हती. जुना सर्व्हर बंद असता तर पाव सेकंदाच्या विलंबाने सगळे नव्या साइटवर पोचले असते आणि चूक कित्येक महिने कोणाच्या ध्यानात आली नसती. तो चालू होता म्हणून ती उघडी पडली.

याचा इशारा शनिवारी रात्रीच मिळाला होता. नव्या सर्व्हरवर जुने प्रमाणपत्र कॉपी केलेले होते आणि नवे मागवण्याचा प्रयत्न फसला होता. प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट डोमेनवरचा ताबा तपासताना त्या नावावर एक ठरावीक फाइल मागते आणि क्वाड-ए असेल तर आधी आयपीव्ही६ ने जाते. विनंती जुन्या सर्व्हरवर गेली, तिथे ती फाइल नव्हती, ४०४ (सापडले नाही) परत आला. जोडणीच झाली नसती तर तिने आयपीव्ही४ वापरून पाहिले असते. जोडणी होऊन ४०४ मिळाला की तसे होत नाही. त्रुटीच्या संदेशात जुना आयपीव्ही६ पत्ता छापलेला होता. जुने प्रमाणपत्र अजून वैध होते, साइट चालू होती, म्हणून तो संदेश उद्यावर टाकला गेला.

क्वाड-ए लगेच बदलून टाकणेही चुकले असते. नव्या सर्व्हरवर आयपीव्ही६ पत्ता होता, पण वेब सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत होता. कर्लला '-६' पर्याय देऊन तपासल्यावर जोडणी नाकारली गेली. म्हणून आधी वेब सर्व्हरला आयपीव्ही६ वर ऐकायला लावले, फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ ही पोर्ट आयपीव्ही६ साठी वेगळी उघडली, पुन्हा '-६' ने तपासले आणि मग रेकॉर्ड बदलले. तयारीला वेळ लागणार असेल तर तोवर क्वाड-ए रेकॉर्ड काढून टाकावे. आयपीव्ही६ नसणे परवडते, चुकीचे असणे नाही.

बदल झाला तरी आधीचे क्वाड-ए उत्तर कॅशमध्ये आणखी २४ तास राहणार होते. त्यासाठी जुन्या सर्व्हरला रिव्हर्स प्रॉक्सी केले: तिथे येणारी प्रत्येक विनंती तो नव्या सर्व्हरकडे पाठवील आणि उत्तर परत देईल. कोणी कुठल्याही पत्त्यावर आले तरी साइट नवी आणि डेटाबेस एकच. हे शनिवारी केले असते तर अर्ज दोन ठिकाणी विभागलेच नसते. आता मात्र जुन्या डेटाबेसमधल्या शनिवारी रात्री १० नंतरच्या नोंदी वेगळ्या काढून हाताने जुळवाव्या लागल्या. दोन्हीकडे नोंदक्रमांक एकाच आकड्यापासून पुढे सुरू झाले होते, त्यामुळे सरळ आयात करणे शक्य नव्हते.

ईमेलचे तीन प्रश्न

एमएक्स 'मेल' या नावाकडे बोट दाखवत होते आणि 'मेल'चे ए रेकॉर्ड बदललेले होते. येणारी ईमेल तरीही २४ तास विभागली गेली, कारण पाठवणाऱ्यांचे रिझॉल्व्हर जुना पत्ता धरून होते. जुना मेल सर्व्हर ती मुकाट्याने स्वीकारत होता. तो बंद ठेवला असता तर उलट बरे झाले असते. मेल सर्व्हर जोडणी मिळाली नाही तर ईमेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि प्रमाणानुसार हा काळ किमान ४ ते ५ दिवस असावा. वेबसाइटचा जुना सर्व्हर चालू ठेवायचा आणि ईमेल स्वीकारणारा बंद करायचा, असा हा उलटा हिशेब आहे. अडकलेली ईमेल आयमॅप या ईमेल वाचण्याच्या पद्धतीने नव्या खात्यांत ओढून घेतली.

दुसरा प्रश्न जास्त छुपा होता. जुन्या साइटच्या फॉर्ममधून कार्यालयाला जाणारी सूचना-ईमेल चोवीस तासांनंतरही नव्या खात्यात येत नव्हती. जुना सर्व्हर या डोमेनची ईमेल स्वतःचीच समजत होता. अशा वेळी तो एमएक्स विचारतच नाही, पत्र थेट आपल्याच डिस्कवर ठेवतो. डीएनएस कितीही तपासले तरी हे दिसत नाही. त्या सर्व्हरच्या स्थानिक डोमेनांच्या यादीतून नाव काढल्यावर ते थांबले.

तिसरा प्रश्न जाणाऱ्या ईमेलचा. एसपीएफमध्ये जुनाच पत्ता होता, म्हणजे नव्या सर्व्हरवरून निघालेले प्रत्येक पत्र डोमेनच्या स्वतःच्याच जाहीर धोरणानुसार परके ठरत होते. शिवाय १९८.५१.१००.२५ ला पीटीआर रेकॉर्ड नव्हते. पीटीआर पत्त्यावरून नाव सांगते आणि ते डोमेनच्या झोनमध्ये राहत नाही. पत्ता उलटा लिहून होणाऱ्या २५.१००.५१.१९८.इन-ॲडर.आर्पा या नावाखाली ते असते आणि त्या झोनवर ताबा पत्त्याच्या मालकाचा, म्हणजे होस्टिंग कंपनीचा. डोमेनच्या पॅनेलमध्ये ते शोधण्यात वेळ जातो, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पाहावे किंवा कंपनीला सांगावे. पीटीआरने दिलेले नाव पुन्हा त्याच पत्त्याकडे यायला हवे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्या पाठवणाऱ्यांसाठी हे मागायला सुरुवात केली आहे. आणि नवा सर्व्हर आयपीव्ही६ वरून ईमेल पाठवत असेल तर एसपीएफमध्ये आयपी६ चा उल्लेख आणि त्या पत्त्याचे पीटीआर ही दोन्ही वेगळी लागतात.

झोनच्या बाहेर लपलेला पत्ता

पैसे भरण्याची सेवा मंगळवारी बंद पडलेली आढळली. ती सेवा देणाऱ्या कंपनीकडे फक्त २०३.०.११३.१० वरून येणाऱ्या विनंत्यांना परवानगी होती, नव्या पत्त्याला ४०३ (परवानगी नाही) मिळत होता. नाव कितीही तेच असले तरी समोरच्या सर्व्हरला येणाऱ्या जोडणीत नाव दिसत नाही, पत्ता दिसतो. म्हणून स्थलांतराआधी जुना पत्ता झोनमध्ये शोधणे पुरत नाही. तो ॲपच्या सेटिंगमध्ये, डेटाबेसच्या परवान्यांत, फायरवॉलच्या नियमांत, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आणि भागीदारांच्या याद्यांतही शोधावा लागतो.

हे काम कोणत्या क्रमाने करायला हवे होते

तीन दिवस आधी पूर्ण झोनची प्रत काढून त्यात जुना आयपीव्ही४ आणि जुना आयपीव्ही६ असे दोन्ही शोधायचे. सापडलेल्या प्रत्येक रेकॉर्डचा टीटीएल ३०० करायचा. हे बदलाच्या किमान २४ तास आधी व्हायला हवे, कारण कमी केलेला टीटीएलही जुना टीटीएल संपल्यावरच लोकांपर्यंत पोचतो. ऐन वेळी तो कमी करून काही उपयोग नाही. मग कर्लच्या रिझॉल्व्ह पर्यायाने नवा सर्व्हर दोन्ही पत्त्यांवर तपासायचा. बदलाच्या वेळी आधी जुन्या साइटवर अर्ज घेणे थांबवायचे, शेवटचा डेटा न्यायचा, जुन्याला प्रॉक्सी करायचे आणि त्यानंतर ए आणि क्वाड-ए एकत्र बदलायचे. लगेच प्रत्येक अधिकृत नेमसर्व्हरला स्वतंत्रपणे विचारायचे. एसओए रेकॉर्डमधला झोनच्या आवृत्तीचा अनुक्रमांक सगळ्यांकडे सारखा नसेल तर एखाद्याने नवी प्रत उचललेली नाही असे समजावे. नेमसर्व्हर बदलायचे असतील तर ते काम दुसऱ्या आठवड्यात.

जुना सर्व्हर केव्हा बंद करायचा याचा निर्णय दिनदर्शिकेवर सोडू नये, लॉग पाहून घ्यावा. बॉट आणि पत्ते चाचपणारे प्रोग्राम येतच राहतात. होस्ट ओळीत आपले डोमेन असलेल्या विनंत्या थांबल्या का, एवढे बघायचे. या प्रकरणात त्या थांबल्या, पण सर्व्हर परत करण्याआधी झोनमध्ये २०३.०.११३.१० पुन्हा शोधला तेव्हा 'टेस्ट'चे ए रेकॉर्ड सापडले. ते उपनाव बराच काळ कोणी वापरलेले नव्हते. सर्व्हर सोडला की त्याचा पत्ता होस्टिंग कंपनीच्या साठ्यात जातो आणि पुढच्या ग्राहकाला मिळतो. ते रेकॉर्ड राहिले असते तर त्या अनोळखी ग्राहकाला संस्थेच्या डोमेनखाली पाने दाखवता आली असती, त्या उपनावाचे वैध प्रमाणपत्र मिळवता आले असते, आणि मुख्य डोमेनच्या सगळ्या उपनावांसाठी ठेवलेल्या कुकीही त्याच्याकडे गेल्या असत्या. आधी ते रेकॉर्ड काढले, टीटीएलएवढे २४ तास जाऊ दिले आणि मग सर्व्हर रद्द केला.